तळचा बटाटा

ती वसाहत आखणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता. सांडपाणी कुठून जाईल, वारा कुठून येईल, शाळा सुटल्यावर पोरं रस्ता न ओलांडता घरी कशी पोचतील, म्हातारा माणूस चालता चालता दमला तर त्याला नेमकं कुठे बसावंसं वाटेल, सगळं आधी कागदावर आलं आणि मग जमिनीवर. बाकंसुद्धा एकेकट्याची. दोघं एका बाकावर बसले की गप्पा मारतात आणि गप्पांत वेळ जातो, असं त्यांचं गणित. मग लोकांनी काय केलं? बाकं सोडली आणि पाण्याच्या टाकीमागे जमिनीवर फतकल मारून बसायला लागले, चांगले तासन्‌तास. देवासाठी नकाशात चौकोन नव्हता. प्रेमासाठीही नव्हता. पण प्रेम कुठे चौकोन मागायला आलं होतं? ते आधीच टाकीमागे जाऊन बसलं होतं.

या वसाहतीच्या भोजनगृहात पहिल्या खिडकीवर एक बाई वाढायला होती. तिला सगळे खिडकीमावशी म्हणायचे. आणि गंमत बघा, म्हणणाऱ्यांपैकी एकानेही तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

त्याचं असं होतं. जगभर जिथे जिथे माणूस माणसाला वाढतो, तिथे तिथे वाढणाऱ्याची मर्जी चालते. वाढणारा आपला असला तर पंगतीच्या शेवटी बसलं तरी चालतं, हे आपण उगीच नाही म्हणत. वसाहत आखणाऱ्यांना ही मर्जी मुळासकट उपटून टाकायची होती. म्हणून वाढायच्या खिडक्या अशा केल्या, की भिंतीत पोटाच्या उंचीवर एक आडवी फट, वाडगा आत सरकेल एवढीच. आतून वाढणारीला दिसणार फक्त हात आणि वाडगा. बाहेरच्याला दिसणार फक्त ओगराळं. चेहराच नाही, मग मर्जी कुणावर बसणार? फटीच्या वर रंगवून ठेवलं होतं: ‘ढवळा, मग वाढा.’ म्हणजे प्रत्येक वेळी पातेलं तळापासून ढवळायचं, की बटाटा आणि पाणी सगळ्यांना सारखं.

आता चेहरा झाकला की माणूस झाकला जातो, असं ज्यांना वाटलं त्यांनी कधी दुसऱ्याचा हात नीट बघितला नसावा. मावशीला वर्षभरात सगळी वसाहत हातांवरून पाठ झाली. शिंप्याच्या अंगठ्यावर सुया टोचून टोचून झालेली जाळी. रंगाऱ्याच्या नखांत आज कुठला रंग आहे, त्यावरून कोणती इमारत रंगवायला काढली ते तिला आधी कळायचं. एक बाई वाडगा दोन्ही हातांनी धरायची, जणू कुणी हिसकावून घेईल. एका हाताची बोटं अशी होती, की नखं पार मुळापर्यंत खाल्लेली. “हे पोर कुणाचं आहे कोण जाणे,” मावशी म्हणायची, “पण याच्या घरात कुणीतरी याला फार बोलतं.”

ही बडबड ऐकायला आत दोघंच असायची. पातेल्यावर उभा असलेला आचारी, म्हणजे मावशीचा थोरला भाऊ, आणि मागच्या दाराशी बटाटे सोलणारी त्याची बायको. दादा स्वभावाने गोड आणि पोटाने गोल. वहिनी बारीक, आणि जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार. मावशी लवकर विधवा झाली, तेव्हापासून या दोघांच्याच घरात राहायची. नवरा इतका लवकर गेला, की त्याचा चेहरा आठवायचा तर फोटो काढून बघावा लागे. हात मात्र आठवायचे. दार लावताना आवाज होऊ नये म्हणून तो कडीवर बोट ठेवायचा, ते बोटसुद्धा आठवायचं. यावर ती कधी बोलली नाही, आपण पण इथेच थांबू.

तर एके दिवशी खिडकीत एक नवा हात आला. वयस्कर, लांब बोटांचा, मनगटावर निळसर शीर. त्या हाताने वाडगा घेतला आणि मग दुसऱ्या हाताने रुमाल काढून खिडकीची फळी पुसली. सांडलेला रस्सा, त्याचा स्वतःचा नव्हे, आधीच्या कुणाचा, हलक्या हाताने टिपला आणि हात गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मावशी ओगराळं हातात धरून त्या रुमालाची वाट बघत होती.

सगळ्या वसाहतीत फळी पुसणारा हा एकच हात! बाकीचे वाडगा घेऊन पळणारे, आदळणारे, “अजून घाला की” म्हणून ठकठक करणारे. मावशीला तो हात आवडला. अगदी सरळ सांगायचं तर मावशी त्या हाताच्या प्रेमात पडली. पन्नाशी उलटल्यावर, पातेल्याच्या वाफेत, कपाळावर घामाने केस चिकटलेले असताना. प्रेमाला काय, वेळकाळ बघून थोडंच येतं!

आणि प्रेम आलं की लबाडी आलीच.

नियम होता, ढवळा, मग वाढा. मावशीने नियम एकदाही मोडला नाही. तो हात आला की ती ढवळायची, चांगली तळापासून, सगळ्यांना आवाज ऐकू जाईल अशी. मग फक्त एक श्वास थांबायची. बटाटा जड. तेवढ्या वेळात तो गपकन खाली बसतो. मग ओगराळं अलगद तळाला न्यायचं आणि भरून वर आणायचं. माप तेच, ओगराळं तेच, पण वाडग्यात बटाट्यांचा डोंगर. इतरांच्या वाडग्यात बटाटे पोहायचे, त्याच्या वाडग्यात टेकून बसायचे.

वहिनीने हे पहिल्याच आठवड्यात पकडलं. “बाकीच्यांनी काय तुमचं घोडं मारलंय, वन्सं?”

“कुठे काय? ढवळलं की मी.”

“ढवळलंत हो. मग काय पातेल्याला विचार करायला वेळ दिलात?”

दादा मात्र हसायचा. “अगं, बाहेर जाऊन एकदा बघून तरी ये कोण आहे तो. मागून वळसा घातलास की झालं.”

“आणि नाक वाकडं निघालं तर?”

“मग नाकाशी संसार करायचाय का तुला?”

“दादा, मला जे आवडलंय ते मला दिसतंय. उरलेलं बघून कशाला विचका करू?”

ती गेली नाही. एकदा दोनदा खाली वाकून फटीतून वर बघायचा प्रयत्न केला, खोटं कशाला बोला. पण फळी अशी तिरकी बसवलेली, की एक शर्टाचं बटण तेवढं दिसलं. ते बटण नीट लावलेलं होतं. तिला तेवढ्यावर आठवडाभर बरं वाटलं.

आता दुसरी भानगड ऐका. रश्शात दादा तमालपत्र टाकायचा. एकदा ते पान एका मिस्त्रीच्या वाडग्यात गेलं, आणि त्याच दुपारी त्याच्या मुलीला नोकरी लागल्याचा निरोप आला. मिस्त्री वेडा, त्याने पान धुऊन खिशात ठेवलं आणि चारचौघांत दाखवलं. झालं! महिनाभरात सगळ्या वसाहतीत बोलबाला, की खिडकीमावशीच्या हातून पान आलं की काम होतं. जिथे देवाला चौकोन मिळाला नव्हता, तिथे तो पान होऊन वाडग्यात उतरला. शिकलेसवरलेले, मोजमाप करणारे, यंत्रं चालवणारे लोक, पण परीक्षेच्या दिवशी, दवाखान्यातून निकाल यायचा असला त्या दिवशी, सगळे पहिल्या खिडकीच्या रांगेत. “आमचा काही विश्वास नाही हं,” असं म्हणत रांग लावायची आणि चमच्याने रस्सा हळूच बाजूला करून बघायचं.

मावशीला हे कळलं, आणि गप्प बसेल ती मावशी कसली! तिने पानं बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली आणि नेमून द्यायला लागली. थरथरणारा हात आला, की टाक पान. दोन्ही हातांनी वाडगा धरणारीला एक. खाल्लेल्या नखांच्या पोराला तर दर आठवड्याला. कुणाची कामं झाली, कुणाची नाही झाली. ज्यांची झाली त्यांनी गावभर सांगितलं आणि ज्यांची नाही झाली त्यांनी स्वतःपुरतं दुसरं कारण शोधलं. श्रद्धा अशीच चालते, तिला एक पान पुरतं.

पण त्यामुळे एक झालं. पहिल्या खिडकीपुढे मारुतीच्या शेपटाएवढी रांग आणि दुसऱ्या खिडकीतली वाढपीण बिचारी माश्या मारतेय. नकाशात तर दोन्ही रांगा सारख्या होत्या! जिथे नकाशाला असं कुणी खोटं पाडतं, तिथे चौकशी होते. चौकशीला आली एक तरुण मोजणीबाई. दिसायला कशी ते मावशीला ठाऊक नाही, कारण तिने भिंतीपलीकडूनच फळीखाली काटा बसवला आणि जाणाऱ्या प्रत्येक वाडग्याचं वजन घेतलं. तिला पानांचं काही सापडलं नाही, पानाला वजन ते किती! पण दुसरंच सापडलं. रोज दुपारी एक वाडगा सगळ्यांपेक्षा जड जातो. रोज एकच. आणि तो कुणाचा, हे आतून दिसत नाही आणि बाहेर नोंदवायची मनाई, कारण चेहऱ्याकडे बघायचं नाही हाच तर इथला मूळ नियम.

वसाहतीची सभा बोलावली. वाढपिणीने कुणावर तरी मर्जी केली, आणि ज्याला रोज जास्त मिळतं त्याला ते कळल्याशिवाय राहणार नाही, म्हणजे दोघांचं साटंलोटं आहे, असा आरोप. मावशीने नाव सांगितलं तर तिला समज देऊन सोडणार. नाही सांगितलं तर ती खिडकी कायमची बंद, आणि तिच्या जागी यंत्राची तोटी बसणार.

सभेच्या आदल्या दिवशी मावशीचं जेवणच उडालं. खिडकी गेली म्हणजे तो हात गेला, तिला दुसरं काही दिसत नव्हतं. दादाने समजूत काढली. “अगं, तुला कुठे माहीत आहे तो कोण? खरं तेच सांग. नाव माहीत नाही, तोंड पाहिलं नाही. खऱ्याला मरण नाही.”

“हो रे दादा,” ती म्हणाली. “खरंच माहीत नाही, हेच किती बरं आहे!”

सभागृहात पाऊल टाकलं आणि मावशी भांबावली. इतके चेहरे! एकही ओळखीचा नाही. ज्यांना ती रोज जेवू घालत होती ती माणसं तिला परकी वाटत होती. मग लोक बसले, हात मांडीवर आले, बाकाच्या पाठीवर आले, आणि एकेक जण ओळखू यायला लागला. हा शिंपी! असा उंच आहे होय? दोन्ही हातांनी वाडगा धरणारी म्हणजे ही एवढी जाडजूड हसरी बाई! आणि खाल्लेली नखं? ती तर पुढच्या मेजावर, काट्याशेजारी. मोजणीबाईची नखं! जिला आपण पोर पोर म्हणून दर आठवड्याला पान घालत होतो, तीच आपल्याला पकडायला आली. मावशीला त्याही गोंधळात हसू आलं.

सभा चालवायला वसाहतीचा मूळ आखणीकार होता. वयस्कर माणूस, सगळे त्याला साहेब म्हणायचे. नकाशा त्याचा, फट त्याची, ढवळा मग वाढा हे शब्दही त्याचेच. चेहऱ्याने अगदी साधा. नाक सरळ होतं, हवं तर तेही सांगतो.

“कुणी म्हणेल माप कमी आहे, म्हणून असं घडतं,” साहेब म्हणाला. “मी स्वतः रोज दुपारी भोजनगृहातच जेवतो. संध्याकाळपर्यंत मला भूक म्हणून लागत नाही.”

सभागृहात कुजबुज झाली. चार वाजले की अख्ख्या वसाहतीच्या पोटात कावळे ओरडायचे. मागून रंगारी ओरडला, “साहेब, तुमचं पोट वेगळं आहे!”

“पोटं सगळ्यांची सारखी असतात,” साहेब शांतपणे म्हणाला. “आम्ही अभ्यास केला आहे.”

मग त्याने समोरचे कागद बाजूला सारले. “ही फट मी का केली ते आज सांगतो. मी वसतिगृहात वाढलो. आईबाप नव्हते. तिथला वाढपी मला रोज वरवरचं पाणी घालायचा आणि माझ्या शेजारच्या पोराला तळचं. रोज. मी एकदा धीर करून विचारलं, त्यालाच का? तो म्हणाला, मला तो आवडतो म्हणून. बस्स, एवढंच कारण. त्या दिवशी मी ठरवलं, असं जेवणघर बांधायचं, जिथे कुणाच्या आवडीवर कुणाचं पोट अवलंबून राहणार नाही.”

माणूस खरं बोलत होता. आपण केलं ते चूक केलं, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं.

साहेबाने समोरचा पाण्याचा पेला उचलला. मेजावर पाण्याचं ओलं वर्तुळ उमटलं होतं. त्याने खिशातून रुमाल काढला आणि ते हलक्या हाताने टिपलं. लांब बोटं, निळसर शीर.

अरे देवा!

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चोर शोधायला बसलेला माणूस रोज दुपारी चोरीचा माल खाऊन ढेकर देत होता, आणि त्या ढेकरावरून माप पुरेसं असल्याचं ठरवत होता. मावशीला हसावं की रडावं कळेना. पाच मिनिटांपूर्वी “माहीत नाही” हे खरं उत्तर होतं. आता ते खोटं झालं होतं. आणि खरं उत्तर दिलं तर खिडकी वाचत होती, पण हा माणूस उभ्याउभ्या संपत होता. ज्या एका गोष्टीवर त्याने सगळी वसाहत उभी केली, तीच त्याच्या पोटात गेली होती.

“कुणाला वाढलंत?” साहेबाने विचारलं.

“सांगणार नाही.”

“खिडकी जाईल.”

“जाऊ दे.”

“निदान का वाढलंत, ते तरी सांगा. काहीतरी कारण असेल. आजारी होता? अशक्त होता? नात्यातला होता?”

मावशीने त्याच्या हाताकडे बघितलं. कारणं सुचत होती, एकाहून एक सरस. पण तोंडातून खरं तेच बाहेर पडलं.

“आवडला.”

कुणीतरी हसलं. साहेब हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, आणि एवढा मोठा माणूस क्षणभर अगदी वाडगा धरून उभ्या असलेल्या पोरासारखा दिसला. मग तो म्हणाला, “मत घ्या.”

खिडकी बंद करायची असेल त्याने हात वर करायचा, अशी रीत होती. मावशी बघत राहिली. शिंप्याचा हात वर गेला नाही. दोन्ही हातांनी वाडगा धरणारीने हात पदराखाली लपवले. मोजणीबाई नख खात बसली आणि शेवटी तिचाही हात मेजाखालीच राहिला. पण बाकीचे बरेच वर आले, आणि ज्या हातावर मावशीने एवढा जीव लावला होता तो तर सगळ्यांच्या आधी वर गेला होता.

तोटी बसली. आत पातं फिरतं, ढवळतं, आणि तोटी प्रत्येक वाडग्यात अगदी सारखं सोडते. पान नाही, काही नाही, दादाने पानं टाकायचीच बंद केली, ती पात्यात अडकायची. मावशीला वहिनीशेजारी बटाटे सोलायला बसवलं. रांगा आता दोन्हीकडे सारख्या. नकाशात होत्या तशा.

“पस्तावलात ना?” वहिनीने विचारलं.

“नाही हो. पण त्याने हात वर केला ना वहिनी, तेव्हा इथे दुखलं.” मावशीने सोललेला बटाटा छातीवर आपटून दाखवला. वहिनीने त्या दिवशी पुढे काही बोलायचं टाळलं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

मग दादा बातम्या आणायला लागला. साहेब तोटीच्या माणसाशी भांडला. म्हणे माप कमी पडतंय, तपासा. तपासलं, बरोबर निघालं. साहेबाने स्वतः काटा मागवला. पुन्हा बरोबर. “आज तर वाडग्यात डोळे घालून बसला होता,” दादा म्हणाला. “मी म्हटलं, पानबिन शोधतोय की काय!”

मावशीने सोलताना बोट कापून घेतलं.

त्यानंतर एका दुपारी, बरोबर कावळे ओरडायच्या वेळेला, मागच्या दाराशी चाहूल लागली. दार अर्धवट उघडं होतं. त्या फटीतून आधी एक हात आत आला, रिकामा वाडगा धरलेला. दुसऱ्या हाताने दाराच्या चौकटीवरची धूळ पुसली.

“माप बरोबर आहे,” बाहेरून आवाज आला.

“असणारच,” मावशी म्हणाली.

“मी पुन्हा पुन्हा तपासलं. तरी मला चार वाजता भूक लागते.”

“सगळ्यांनाच लागते, साहेब.”

“तसं ते सगळे म्हणायचे.” आवाज जरा खाली गेला. “मला वाटायचं, लोक उगीच कुरकुर करतात.”

“आत या. फटीतून बोलायची सवय मोडा आता.”

साहेब आत आला. सुरी थांबवून वहिनी त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. तो बटाट्याच्या पोत्यावर बसला, अगदी अंग चोरून.

“तो माझ्या शेजारचा पोरगा,” तो म्हणाला. “मी जन्मभर त्याचा राग केला. म्हणायचो, त्याला कळत कसं नव्हतं आपल्याला जास्त मिळतंय ते? पण त्याला कसं कळणार हो? ज्याच्या वाडग्यात पडतं त्याला वाटतं, सगळ्यांनाच एवढं मिळत असेल.” त्याने वाडग्याकडे बघितलं. “तो पोरगा मीच निघालो.”

मग मावशीला राहवेना. “एक विचारू? तुम्ही फळी का पुसायचात?”

साहेबाचे कान लाल झाले. “त्या फळीचा उतार चुकला होता. उलट्या बाजूला दिला गेला, रस्सा साचायचा. चूक माझी होती. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून पुसायचो.”

मावशी जी हसत सुटली! डोळ्यांतून पाणी आलं, पदर तोंडात कोंबला, तरी थांबेना. वहिनीही हसली, आतून दादाचं पोट हलायला लागलं.

“काय झालं? तुम्हाला काय वाटलं होतं?”

“मला वाटलं, कुणीतरी मायेचा माणूस आहे!”

साहेब खजील होऊन बसला. मावशीने डोळे पुसले. “बरं, फळीचं कळलं. पण दुसरी खिडकी मोकळी असायची. तुमचीच सोय होती ती. मग एवढ्या लांब रांगेत उभे राहून रोज माझ्याच खिडकीला का यायचात?”

साहेबाने बराच विचार केला. आयुष्यभर त्याने प्रत्येक गोष्टीचं कारण दिलं होतं, बाकाचं, वाऱ्याचं, म्हाताऱ्याच्या दमण्याचंसुद्धा.

“त्याचं कारण मला मांडता येत नाही,” तो म्हणाला.

वहिनीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि एक सुरी त्याच्या पुढ्यात टाकली. “नसेल येत मांडता तर बटाटे सोला. जास्त सोलले की सगळ्यांचाच रस्सा घट्ट होईल. बाकीच्यांनी काय तुमचं घोडं मारलंय?”

“सोलतो,” तो निमूटपणे म्हणाला. “पण मला सभेत सांगावं लागेल. की तो मी होतो.”

“सांगा की,” मावशी उठत म्हणाली. “पण आधी खाऊन घ्या. उपाशीपोटी खरं बोलायला गेलं की माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो.”

तिने त्याच्या हातातून वाडगा घेतला, चुलीवरच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि खुंटीवरचं जुनं ओगराळं खाली उतरवलं. रस्सा तळापासून ढवळला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. साहेब बघत होता. इतकी वर्षं भिंतीपलीकडे काय चालायचं ते त्याला पहिल्यांदाच दिसत होतं.

ढवळून झालं, आणि मावशी एक श्वास थांबली.